लाल्याचा फोटो कुठून येत होता

ती घटना आठवली की आजही मला आरोपीच्या आधी लाल्या आठवतो. लाल्या म्हणजे लाल कंधारी जातीचा वळू. भांडणं आम्ही पुष्कळ मिटवली, पण वळूवरून मोडायला आलेला संसार हा एकच.

पूर्णा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी साठीतली एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे येऊन बसली. फिर्याद कुणाविरुद्ध, तर नवऱ्याविरुद्ध! आदल्या दिवशी एक परका माणूस पिकअप घेऊन तिच्या दारात आला होता. विसाराचे पैसे आगाऊ दिलेत, वळू द्या, म्हणत होता. त्याने मोबाइलवर वेबसाइट दाखवली. त्यावर लाल्याचा फोटो, वर ‘विकणे आहे’ आणि खाली एक नंबर. लाल्याला जन्म देऊन गाय मेली, तेव्हा याच बाईने त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. ती तडक ताडकळसला भावाकडे गेली आणि तिथून आमच्याकडे.

“ह्यांनी मला न विचारता लाल्या इकला. आता ह्यांच्या घरात मला ऱ्हायचं न्हाई.”

नवऱ्याला बोलावलं. ‘मी न्हाई केलं’ एवढंच म्हणून तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. शिपायाने दिलेला चहाही घेतला नाही. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा तर तोंडच उघडत नव्हता. मला तो खरा वाटला, पण माझ्या वाटण्याने बाई घरी थोडीच जाणार होती?

आमच्या माणसाने गिऱ्हाईक बनून त्या नंबरवर फोन केला. परभणीतला जनावरांचा दलाल निघाला. त्याला बसस्टँडवर बोलावलं आणि उचलून आणलं. गडी मोठा वस्ताद. मालकांनीच मोबाइलवर फोटो पाठवला, विका म्हणाले, मी माझ्या वेबसाइटवर ठेवला, असं तो नवऱ्याच्या तोंडावर सांगू लागला. बाईने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्या बिचाऱ्याने मान खाली घातली.

त्यांची मुलगी पुण्यात असते. पैदाशीसाठी लाल्याची माहिती देणारी एक वेबसाइट तिनेच बनवली होती. तिला फोन लावला. दलालाचं पान तपासून ती म्हणाली, “साहेब, वेबसाइटच्या फायली सर्व्हरवर असतात, म्हणजे कायम चालू असलेल्या एका दूरच्या संगणकावर. पान उघडलं की तो फाइल पाठवतो. ह्याचा मजकूर ह्याच्या सर्व्हरवर आहे, पण फोटो नाही. ह्याने फक्त आमच्या फोटोचा पत्ता लिहून ठेवलाय. ह्याचं पान कुणीही उघडलं तरी लाल्या आमच्याच सर्व्हरवरून जातो.”

म्हणजे गोठा तुमचा आणि हा नुसता बोट दाखवतोय, मी म्हणालो. मग विचारलं, त्याच पत्त्यावर दुसरा फोटो ठेवला तर? ती हसायलाच लागली.

आधी पंचांसमक्ष त्या पानाचा पंचनामा केला. फोटो माझ्याच वेबसाइटवर ठेवलाय, हेही दलालाकडून लिहून घेतलं. मग मुलीने जुन्याच नावाने हाताशी होता तो फोटो चढवला. तो होता तिच्या लग्नातला, फेटा बांधून हात जोडलेल्या वडिलांचा. ठाण्यातल्या संगणकावर दलालाचं पान नव्याने उघडलं. ‘विकणे आहे’च्या खाली लाल्याच्या जागी बाईचा नवरा उभा होता आणि त्याखाली दलालाचाच मजकूर: ‘जातिवंत, स्वभावाने गरीब, खायला कमी.’

अख्खं ठाणं हसलं. फोटो खरंच दलालाकडे असता, तर तो असा बदललाच नसता. दलालाच्या तोंडचं पाणी पळालं. मालकाने काहीच पाठवलं नव्हतं आणि विसार उकळायला दुसऱ्यांचीही जनावरं आपण अशीच दाखवली होती, हे त्याने कबूल केलं. त्याच्यावर गुन्हा नोंदवला.

बाई पदर तोंडाला लावून पडद्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, “साहेब, आधी हे काढायला सांगा. कुणी खरंच विसार द्यायचं.” आणि नवऱ्याकडे वळून, “चला घरी. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तुमी.”

पुढे कुणी ‘डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणालं की मी आधी विचारायचो, पाहिलंत ते आलं कुठून? पण त्या दिवशी मला खरं कळलं ते त्या बाईकडून. वळूपेक्षा, नवऱ्याने आपल्याला विचारलं नाही, हे तिला लागलं होतं. दलालाला कलम लावणं सोपं होतं. तुझा माणूस खोटं बोलला नाही, हे तिला दाखवता आलं, याचं समाधान मला आजही आहे.