शहातांच्या पुस्तकातला चहा

डॉक्टर शहाता बदरावी यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि तेही दुसऱ्याचं. त्यांचे गुरू वर्गात जे सांगत, ते सगळं शहातांनी तरुणपणी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. गुरू वारल्यावर त्या टिपणांवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असलेल्या मुस्अदकडे ती छापायला टाकली. दरवर्षी पुस्तकात बदल व्हायचा तो फक्त कव्हरच्या रंगाचा. शेवटचं पान फाडून, त्यावर आपलं नाव लिहून डॉक्टरांकडे द्यायचं, तरच वर्षभराच्या कामाचे मार्क मिळायचे. गेल्या वर्षीचं हिरवं पुस्तक यंदाच्या निळ्या वर्गात चालत नसे. डेल्टातल्या आमच्या शहरात याला कोणी लूट म्हणत नसे, कारण सगळेच डॉक्टर हेच करत.

पण विषय ऐच्छिक असेल तर पुस्तक घेणार कोण? म्हणून गणिती भौतिकीच्या पदवीला कोणकोणते विषय सक्तीचे, हे ठरवायला समिती बसली, तेव्हा शहाता घरून तुपानं थबथबलेली पदरांची रोटी, म्हणजे फतीर, मध आणि मुरलेलं चीज घेऊन हजर झाले. क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारे डॉक्टर तेव्हा आखातात नोकरीला गेले होते. जो बैठकीला नाही त्याचा विषय ऐच्छिक, इतका साधा हिशेब. उष्णतेच्या समीकरणांचा शहातांचा विषय मात्र सक्तीचा झाला. तो पास झाल्याशिवाय पदवी नाही. क्वांटमचं तोंडही न बघता आमच्याकडे माणूस भौतिकीचा पदवीधर होऊ शकतो, शहातांचं पुस्तक न घेता होऊ शकत नाही. बोटांना लागलेला मध चाटत विद्वानांनी सह्या केल्या.

त्या पुस्तकात एक चूक होती, आणि ती गुरूंची नव्हती. छपाईच्या मूळ पानाला पडलेल्या चुणीनं वजाचं एक चिन्ह गिळून टाकलं होतं. उष्णता गरमकडून थंडकडे जाते, एवढं सांगणारं ते चिन्ह. ते गेल्यामुळे शहातांच्या पुस्तकात उष्णता थंडकडून गरमकडे वाहू लागली, म्हणजे टेबलावर ठेवलेला चहा आपोआप तापत जाऊन उकळायला हवा. शहातांच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं, पण तोवर एक अख्खी तुकडी तेच लिहून पास झाली होती. चूक कबूल करायची म्हणजे आधी दिलेले मार्कही चुकीचे ठरणार, आणि लोक हसणार. शहाता मूग गिळून बसले. पुढे दरवर्षी तोच प्रश्न परीक्षेत येई, पोरं तेच उत्तर घोकून लिहीत, आणि शहाता त्याला पूर्ण मार्क देत. इतकी वर्षं चूक सांभाळायची तर चिकाटी लागते, आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती.

मग इब्तिहाल आली. तिचे वडील उस्ता जाबिर (आमच्याकडे ड्रायव्हरला उस्ता म्हणतात) गावाहून शहरात मायक्रोबस चालवत, आणि ती रोज त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून कॉलेजला येई. फार्मसीला जाण्याइतके मार्क असताना पोरीनं गणिती भौतिकी घेतली म्हणून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. "ते शिकून काय दुकान उघडणार?" असं आत्या तोंडावर विचारायची. जाबिरचं उत्तर ठरलेलं, "माझी पोर पहिली येईल. पहिली आली की मुईद होईल." तुकडीत पहिला येणाऱ्याला त्याच विभागात शिकवायची नोकरी मिळते, अशा माणसाला मुईद म्हणतात. आमच्याकडे मायक्रोबसवाल्याच्या घरातून डॉक्टर व्हायचा तेवढा एकच रस्ता, आणि तो शहातांच्या दारावरून जात होता.

सहामाही परीक्षेत इब्तिहालनं वजाचं चिन्ह लिहिलं. शहातांनी शून्य दिलं. पोरगी उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या खोलीत आली, तेव्हा शिपाई फतही चहाचा पेला टेबलावर ठेवत होता.

"डॉक्टर, माझं कुठं चुकलं ते सांगाल का?"

"पुस्तक वाचलंस?"

"वाचलं."

"मग पुस्तकातलं का नाही लिहिलंस?"

"पुस्तकाप्रमाणे गेलं तर तुमचा हा चहा आत्ता उकळायला लागायला हवा, डॉक्टर."

फतहीला हसू आलं. ते खोकल्यात दडवत तो दाराकडे सरकला. शहातांचे कान लाल झाले.

"चहाचं फतहीला विचार," ते म्हणाले. "माझ्या वर्गात समीकरण चालतं. जा."

तिनं रीतसर तक्रार केली. आमच्याकडे तक्रार केली की उत्तर पुन्हा तपासत नाहीत, नुसत्या मार्कांची बेरीज पुन्हा करतात. केली. शून्य धरून बेरीज जेवढी होती तेवढीच आली, आणि तसं तिला अत्यंत आदरानं कळवण्यात आलं.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा शहातांनी तिला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली, चहाही मागवला. माणूस अडला की किती गोड होतो! अडण्याचं कारण असं, की आता ते निवृत्तीला आले होते आणि ते उलटं समीकरण त्यांना अधूनमधून टोचत होतं. ते कोणीतरी परस्पर सुलटं करून टाकावं, फक्त शहातांना काही कबूल करावं लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"हे बघ, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "बाकी सगळ्यात तू पहिली आहेस. हा विषय गेला तर पदवीच अडकेल, मग मुईद कसली होतेस? तुझ्या बापाला काय सांगशील? एक छोटी रेघ आहे ती. आत्ता गिळून टाक. मुईद झालीस की हा धडा तुझा. मग हवं ते शिकव."

"आणि आत्ता खरं लिहिलं तर?"

"तर ते पुस्तकात नाही," शहाता म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

इब्तिहाल उठली. तिच्यापुढचा चहा तसाच राहिला.

उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असतं, पण शहातांनी तिचं अक्षर ओळखलं. ते पान त्यांनी सगळ्यांच्या आधी उघडलं. वजा नव्हता. पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहिलेलं होतं. पूर्ण मार्क देताना शहातांना एकदम राग आला. एवढी ताठ मानेची पोर, आणि वाकली? वाकवणाऱ्यानंच असं म्हणायला केवढा निर्लज्जपणा लागतो! पण शहातांना खरोखर वाईट वाटलं, अगदी कोणीतरी आपल्याला फसवल्यासारखं.

ती पहिली आली. मुईद झाली. उस्ता जाबिरनं त्या दिवशी मायक्रोबसमध्ये कोणाकडून भाडं घेतलं नाही. घरी बायकांनी गच्चीवर जाऊन जिभा हलवत आनंदाच्या किंकाळ्या फोडल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं ती आत्या ओरडली.

सुट्टीनंतर इब्तिहालचा पहिला वर्ग होता. उष्णतेचाच धडा. शहाता चहाचा पेला हातात घेऊन बाहेर व्हरांड्यात उभे राहिले, सहज उभे आहोत असं दाखवत. आज ती रेघ फळ्यावर येणार, आणि आपलं नाव न घेता सगळं मिटणार! आतून खडूचा आवाज येत होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मिस, तिथं वजा हवा ना? नाहीतर उष्णता उलटी जाईल."

शहातांनी दाराकडे कान केला.

"पुस्तक वाचलंस?" इब्तिहालचा आवाज आला.

"हो, मिस."

"मग पुस्तकात आहे ते लिही."

वर्ग सुटल्यावर शहातांनी तिला व्हरांड्यातच गाठलं. "अगं, मी म्हटलं होतं ना, हवं ते शिकव? धडा तुझाच आहे!"

"धडा माझा, पण पेपर कोण तपासणार, डॉक्टर?"

"मीच. नियम आहे तसा."

"मग मी खरं शिकवलं तर शून्य कोणाला पडेल? मला तर नाही पडणार. त्या मागच्या बाकावरच्या पोरीला पडेल. वर्ग सुटताना मी तिला हळूच सांगितलंय, मनात वजा ठेव, कागदावर ठेवू नकोस. तुम्ही पुस्तकात घाला, मी उद्या फळ्यावर घालते."

"म्हणजे आता या वयात मी..." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गार झाला."

"थांबा की थोडं," इब्तिहाल म्हणाली. "पुस्तकाप्रमाणे होईल गरम."

ती निघून गेली. शहातांना लाज वाटली, खरीखुरी लाज, मान खाली जाईल अशी. त्या लाजेतच ते जिना उतरले, फाटक ओलांडलं आणि थेट मुस्अदच्या दुकानात गेले. मूळ पानं मुस्अदच्या कपाटात असत. त्यानं ती काढली, चुणीचं पान सगळ्यात वर होतं. शेजारी पेन होतं. एक नखाएवढी रेघ ओढायची होती, बस्स.

"नवीन आवृत्ती का, डॉक्टर?" मुस्अदनं विचारलं. "काही दुरुस्ती आहे?"

शहातांनी पेन उचललं, आणि परत जागेवर ठेवलं.

"आहे," ते म्हणाले. "कव्हर पिवळं कर."