आईला न लागणारी गाडी

१७ एप्रिल, शुक्रवार. काम: पेट्रोल आणि प्लग-इन हायब्रिड यांतली एक गाडी ठरवणे आणि आईला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी लातूरला नेणे. दुसरं जमलं नाही तर पहिल्याला काही अर्थ नव्हता.

माझी आई निलंग्याच्या पुढे एका खेड्यात एकटी राहते. तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. लातूरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला इंजेक्शन सांगितलंय. आईने ते दोनदा चुकवलं, कारण तिला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते. मागच्या खेपेला मी बहिणीची पेट्रोल गाडी नेली होती. औसा यायच्या आधीच आईने ती माघारी वळवायला लावली. आणखी एक इंजेक्शन चुकलं तर त्या डोळ्याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

त्यामुळे नांदेडच्या शोरूममध्ये मी मायलेज विचारलं नाही. उलटी न होणारी कोणती, ते विचारलं. सेल्सचे कदम पन्नाशीचे, पोट सांभाळून बसणारे गृहस्थ. ते म्हणाले, असं कुणी विचारत नाही, पण हायब्रिड बॅटरीवर असताना आवाज करत नाही, गचके देत नाही. घरच्या प्लगवर चार्ज करायची. बॅटरी संपली की तीच गाडी पेट्रोलवर चालते. "मग दोन दिवस द्या," मी म्हटलं. गाडी एकटी देता येत नव्हती, म्हणून कदमही आले. माझ्या नवऱ्याचं मत पेट्रोलच्या बाजूने होतं. तो आला नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. लोह्यात सुशीला (भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे) खाल्ली. शेजारच्या बाकावरचा रुमालवाला माणूस गाडीकडे बराच वेळ बघत होता.

"बाई, ही लाईटवरची हाय का?"

"लाईटवरची पण आणि पेट्रोलवरची पण."

"म्हंजे दोन्हीकडून खाती," तो म्हणाला आणि चहाकडे वळला. कदमांनी त्याला माहितीपत्रक दिलं. त्याने त्यावर भजी ठेवली.

लोह्याच्या पुढे बॅटरी संपली आणि इंजिन सुरू झालं. तिथून अहमदपूर, लातूर, औसा असा सगळा रस्ता पेट्रोलवरच झाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर निघालेली काळी रानं, नांगरून तापत टाकलेली. ढेकळं एवढी मोठी की त्यांच्या सावल्या पडत होत्या. मध्येच एखादं उसाचं हिरवं चौकोनी रान. निलंग्यात कदमांनी आईसाठी बत्तासे घेतले. ग्राहकाच्या आईकडे रिकाम्या हाताने जात नाही, म्हणाले.

आईने बत्तासे घेतले आणि गाडीला हात लावून पाहिला.

"तापलीया."

"उन्हात आलीय आई."

"मी न्हाई बसणार. आधीच सांगते. डोळा एक हाय की माझ्याकडं."

तो विषय मी सकाळवर ढकलला. आधी गाडी चार्ज करायची होती. ओसरीवर मोठ्या पिनचा प्लग आहे, वडिलांनी पिठाच्या गिरणीसाठी बसवलेला. कदमांनी चार्जर लावला. लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला. पुन्हा लाल. त्यांनी कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं आणि समाधान झालं का, हे विचारून फोन ठेवला.

अर्थिंगचा पाइप घरामागे, जुन्या धुण्याच्या दगडाजवळ पुरलेला आहे. आईने दोन वर्षांपूर्वी तो दगड नळाजवळ हलवला. तेव्हापासून ती जमीन कोरडी पडून भेगाळली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार नुसती घुमायला लागली की आधी अर्थिंगला पाणी घालतात. मी कळशी उचलली.

"ती खाली ठेव," आई म्हणाली. "प्यायचं पाणी हाय ते. नळ परवा येणार हाय."

"मग काय घालू?"

"धुण्याचं घाल की. तुझ्या गाडीला काय कळतंय."

साबणाच्या पाण्याची बादली ओतली. लालच. शेजारचे मारोतीकाका कुंपणावरून बघत होते. ते मूठभर खडेमीठ घेऊन आले. त्यांच्या सूनबाईंनी भांड्याचं पाणी आणलं. मग पलीकडच्या गल्लीतली माणसं आपापल्या घरचं खरकटं पाणी घेऊन आली, कारण ते असंही फेकायचंच होतं. जमीन बराच वेळ नुसती पीत राहिली. कदम पँट वर दुमडून उभे होते. "पुस्तकात हे लिहिलेलं नाही, मॅडम," ते दोनदा म्हणाले.

चौथ्या की पाचव्या बादलीला दिवा हिरवा झाला. मारोतीकाका म्हणाले, "पेट्रोल पिती, लाईट पिती, पाणी बी पिती. ह्याच्यापरीस म्हैस बरी. दूध तरी देती." लोक पांगले.

आई मात्र तिथेच खुर्ची टाकून बसली. तिच्या दारात एवढी माणसं बऱ्याच दिवसांनी आली होती. जेवायला उठली तेव्हा म्हणाली, "गावानं पाणी घातलंय. आता न्हाई म्हटलं तर लोक हसतील." एवढ्यावर विषय संपला.

शनिवारी सकाळी बॅटरी भरलेली होती. आई पुढे बसली. हातात प्लास्टिकची पिशवी उघडी धरलेली, तोंडात आवळासुपारी, डोळे मिटलेले. वेशीबाहेर आलो तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"चालू कर की. कशाची वाट बघायलीस?"

"आपण निघालोय, आई."

तिने डोळे उघडले. बाभळी मागे जात होत्या. निलंगा गेलं. औसा आलं. औसा मागे पडलं. आईने पिशवीची घडी घालून कमरेला खोचली आणि कदमांना विचारलं, "बायकोचं माहेर कोणतं?" उदगीर निघालं. लातूर येईपर्यंत उदगीरच्या सगळ्या पाटलांबद्दल बोलून झालं.

इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, सूज वाढलीय, पण वेळ गेलेली नाही. आता एकही चुकवू नका. मी हो म्हटलं.

परतताना बॅटरीत फार काही उरलं नव्हतं. चार्जिंगसाठी चार तास थांबायला आई तयार होईना. इंजिनवरच निघालो. औसा यायच्या आधी तिने पिशवी ओढली, पण ती कमरेला घट्ट बसली होती. वेळेवर निघाली नाही. कंपनीच्या गाडीच्या आसनाला जे व्हायचं ते झालं.

कदमांनी खाली उतरून पुसायला घेतलं. "इंजेक्शनमुळेही असू शकतं, मॅडम. एका खेपेवरून तसं सांगता येत नाही."

"मला दुसरी खेप करून बघायची नाहीये," मी म्हटलं.

आईने चूळ भरली. पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "सकाळी न्हाई झालं. आता झालं. पुढच्या महिन्याला येते मी. पण सकाळवानी मुकी असंल तरच."

आईला घरी सोडलं आणि आम्ही नांदेडला परतलो. रस्ता तोच होता, पण मी त्याच्याकडे आता वेगळ्या हिशोबाने बघत होते: भरलेल्या बॅटरीत कुठून कुठपर्यंत जाता येतं, आणि मध्ये कोणाच्या घरी प्लग आहे. लातूरला मावसबहीण राहते. तिला फोन करून अर्थिंग कुठे आहे, ते विचारलं. तिला वाटलं, मला ऊन लागलंय. पेट्रोल गाडी स्वस्त आहे, कुठेही दुरुस्त होते, तिला कुणाच्या बादलीची गरज नाही. नवऱ्याने हे सगळं जेवताना पुन्हा सांगितलं आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. फक्त त्या गाडीत आई बसणार नव्हती.

रविवारी सकाळी शोरूम उघडल्यावर हायब्रिडची नोंदणी केली. पुढच्या इंजेक्शनच्या आधी गाडी मिळेल असं कदमांकडून लिहून घेतलं. रंग राखाडी ठरवला होता, धूळ दिसत नाही म्हणून. सही करायच्या आधी आईला फोन लावला आणि रंग कोणता घेऊ, असं विचारलं.

"लाल घे," ती म्हणाली. "लांबून दिसंल मला."

राखाडी खोडून लाल लिहायला सांगितलं.