दोन ई-रीडर आणि शेवटचं पान

नात मुक्ताने टेबलावर दोन ई-रीडर ठेवले. "आजी, वापरून बघ. एक ठेवायचा, एक परत करायचाय."

पहिला हलका, ठसठशीत अक्षरांचा आणि गप्प. दुसऱ्याच्या पानाखाली बारीक आकडा, किती टक्के वाचून झालं त्याचा. तो म्हणे एकदा चढला की उतरत नाही आणि मुक्ताच्या फोनवरही दिसतो! शेजारीण खिडकीतून डोकावत असावी, तसं मला वाटलं. माझं वाचन मोजणारा हा कोण?

त्यात मला आधी शेवटचं पान वाचायची खोड. तरुणपणी तेवढ्या भांडवलावर मी मैत्रिणींत अख्ख्या कादंबरीवर मत ठोकायचे, तेही मान तिरकी करून. केवढी विदुषी! आता चोरी पकडली जाणार होती. तरी बोट सरकलंच. त्यातल्या रहस्यकथेतला खुनी कोण ते बघितलं आणि साळसूदपणे पहिल्या पानावर आले.

संध्याकाळी मुक्ता फोन नाचवत आली. "आजी, शंभर टक्के? एका दुपारीत अख्खं पुस्तक?"

"मग! डोळे मंदावलेत, डोकं नाही."

पहिला बिचारा परत गेला. अक्षरं त्याचीच चांगली होती. दुसऱ्यावर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही. चुगलखोर आहे मेला. पण माझ्याबद्दल चांगलं खोटं बोलतो, म्हणून राहू दिलाय.