सोयाबीनच्या पोत्यावर जुळवलेला शॉकप

बोरी अरबच्या धर्मपाल मिस्त्रीइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. माळावरच्या शर्यतीच्या मोटारसायकली तो बनवतो. चालवणाऱ्याला गाडीवर बसवायचं, टेप लावायचा, त्याच्या वजनाप्रमाणे मागचा धक्के झेलणारा शॉकप जुळवायचा, तेव्हाच गाडी सोडायची. माणूस बसला की गाडी मागून दहा सेंटिमीटर दबली पाहिजे. साडेनऊ दबली तरी याचं तोंड वाकडं.

पण स्वतःच्या पोरीच्या वेळी पंचाईत झाली. रुपाली नागपूरला नर्सिंग शिकते. येणार ती थेट शर्यतीच्या सकाळी. फोनवर तिनं वजन सांगितलं, बूट-हेल्मेट धरून साठ किलो. धर्मपालनं मेहुण्याकडून सोयाबीन आणलं, गॅरेजसमोरच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर साठ किलोचं पोतं भरलं, सीटवर बांधलं आणि त्यावर शॉकप जुळवला. मी हसलो.

"मास्तर, वजन ते वजन. पोरीचं काय अन् पोत्याचं काय!" तो म्हणाला. शहाण्याला कोण शिकवणार?

शर्यत दारव्ह्याजवळच्या माळरानावर होती. बस उशिरा आली, सरावाची फेरी हुकली, रुपाली कपडे बदलून तडक रेषेवर गेली. आम्ही दोरीपाशी उभे होतो. धर्मपालची बायको तुळसाबाई सहज म्हणाली, "थे पोतं उचलताना माही कंबर गेली. मोजलं कुठी होतं?"

"समोरच्या काट्यावर."

"अवो, थो काटा तं पोत्यामागं आठ-दहा किलो खाते! भावाचा माल घालताना मी भांडली नाही काय तिथी?"

ज्याला शेतच नाही, ज्यानं कधी माल विकला नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? धर्मपालचा चेहरा उतरला. म्हणजे पोतं सत्तरच्या घरात. गाडी सत्तर किलोसाठी कडक केलेली आणि वर साठ किलोची पोरगी. उंचवट्यावरच्या उडीनंतर मागचं चाक लाथ मारणार, ती हँडलवरून पुढे फेकली जाणार.

तो दोरीखालून धावला. झेंडा वर गेला होता. त्यानं रुपालीच्या गाडीचं हँडल धरलं आणि इंजिनच बंद केलं.

"बाबा, सोडा! काहून असं करून राह्यले?"

"चुकलं माहं. उतर, माय."

झेंडा पडला. अकरा गाड्या धूळ उडवत गेल्या. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. रुपाली रागानं रडत होती. "सालभर मेहनत केली मी. तुमाले भेव वाटलं म्हणून थांबवलं!"

गाडी बाजूला घेतल्यावर त्यानं तिला पुन्हा सीटवर बसवलं. मी गाडी धरली. त्यानं टेप लावला, पण आकडा मलाच वाचायला सांगितला. साडेआठ.

रुपालीनं विचारलं, "पडलीच असती काय मी?"

"मालूम नाही, माय," तो म्हणाला आणि सगळ्यांदेखत तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग तिचा गेला नव्हता. हात मात्र तिनं काढला नाही.