कवडूभाऊंचा आवाज मी कसा दाबला

आता कोणत्या तोंडाने सांगू? माझ्यासारख्या हुशार माणसाने असं गाढवपण केलं यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. बायकोचा लगेच बसला, ते जाऊ द्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आंध्राच्या सीमेलगतच्या राजुऱ्यात माझा एका खोलीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. भिंतींना गोधड्या, आणि नागपूरहून आणलेला नवाकोरा कॉम्प्रेसर. म्हणजे मोठा आवाज दाबून सरळ करणारा डबा!

तेवढ्यात आले कवडूभाऊ. तलावावर मासे धरणारा माणूस, पण तान घेतली की तलावातली बदकं थेट आंध्रात उतरायची! वडशाच्या एका नाटक कंपनीला गायक हवा होता. मालकाने कॅसेट मागवलेली.

"मास्तर, निवड झाली त नाटकात, नाई त जलमभर जाळ्यात!"

"भाऊ, बिनधास्त गा. डबा हाये ना!"

खरी रीत अशी, की गाणं आहे तसं टेपवर घ्यायचं. दाबादाबी नंतर, मिक्सिंगला. बिघडलं तर मूळ गाणं शाबूत राहतं. पण मला कुठला धीर! गातानाच डब्याचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं.

टेप ऐकून कवडूभाऊ म्हणाले, "हा कोन बिमार मानूस गाऊन राह्यला?"

"तुम्हीच, भाऊ. मिक्सिंगमध्ये ठीक करतो."

पुन्हा गायला सांगायचं? छे, इभ्रतीचा प्रश्न! पेटलोच मी. दोन दिवस बटणं फिरवली. गाणं संपलं की टेप मागे, पुन्हा पहिल्यापासून. पण कांडलेल्या तांदळाचं परत धान होतं का?

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडशाला. अख्ख्या कंपनीसमोर कॅसेट लागली. गाणं कण्हत कण्हत संपलं. मालकाने टेप तशीच चालू ठेवली, आणि स्पीकर गरजला:

"बुढा बोंबलते भलताच! पन दाबला मी त्याले!"

अरे देवा! हा तर मी! रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणं संपल्यावर, टेप चालू असतानाच ओठातल्या ओठात पुटपुटलेलो. मोठा आवाज दाबणारा डबा बारीक आवाज वर उचलतो, हे मला तेव्हा कळलं.

कवडूभाऊ उठले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या अशी तान मारली की छपराचे पत्रे थरथरले.

"गायक पक्का!" मालक ओरडले. "पन भाऊ, कॅसेटीत एकाचाच आवाज साफ हाये. तो कोन?"

कवडूभाऊंनी दाराकडे बोट केलं. मी वाकून चपला शोधत होतो.