बिनउन्हाच्या बोळातली तगर

२०२२ साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती आणि बायको रस्ते विसरायला लागली होती.

घरात सगळं नीट चालायचं. माझ्या चहात साखर किती, हे तिला बरोबर माहीत. पण सकाळी पिशवी घेऊन देवाची फुलं तोडायला बाहेर पडली की परत कुठे वळायचं ते हरवायचं. एकदा ती खडकी स्टेशनच्या बाकावर सापडली. मांडीवर फुलांची पिशवी, पायात चप्पल नाही. पुलावरून गेली की रूळ ओलांडून, ते तिला सांगता येईना. मीही पुन्हा विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

मुलगा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो म्हणाला, "अण्णा, फाटकाला कुलूप लावा."

"तुझी आई आहे ती. म्हैस नाही."

"म्हैस संध्याकाळी घरी येते, अण्णा."

पोरगं बोलायला माझ्यावर गेलंय. शेवटी त्याने मला बजावलं, आई अजून एकदा बाहेर गेली की कुलूप, मग तुमचं काही ऐकणार नाही. मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, बघतो.

मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यात जन्म काढला, पण कुणापुढे मान तुकवली नाही. बायकोला कोंडून ठेवायचं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी असं ठरवलं की फुलं फाटकाच्या आत आणायची. हाताशी फुलं असली तर ती बाहेर कशाला जाईल?

आमच्या घराला अंगण नाही. घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत, मधे एक बोळ. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे भिंत लागते. पूर्वी सकाळचं थोडं ऊन यायचं. शेजारी उंच बिल्डिंग झाली आणि तेही गेलं. शेवाळ तेवढं जोरात.

नर्सरीवाल्याने विचारलं, "आजोबा, ऊन येतं ना?"

"येतं की," मी म्हटलं. माझ्या घरात ऊन येत नाही, हे मी त्याला कशाला सांगू?

लाल जास्वंद घेतली, कारण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा दाराशी जास्वंद होती आणि ही रोज त्यातलं फूल गणपतीला वाहायची. मोगरा घेतला. गुलाबही घेतला. मुलाने मोबाइलवर बघून सावलीत येणारी सोपी फुलं सांगितली, लिली, बिगोनिया, आणखी कायकाय.

"ती हॉटेलच्या दारात ठेवतात," मी म्हटलं. "देवाला काय हॉटेलात जेवायला जायचंय?"

"मग तगर लावा. तगर कुठेही येते."

"कुठेही येते ती माझ्या दारात नको."

गुलाब महिन्याभरात काळा पडला. मोगऱ्याला पानं आली, कळी नाही. जास्वंद तर उजेड शोधत फाटकाकडे अशी वाकली की तीच आधी पळून जाणार असं वाटायचं. मग मी पत्र्याचा एक तुकडा घासून लखलखीत केला आणि समोरच्या भिंतीला असा तिरका बांधला की पलीकडच्या गल्लीतलं ऊन बोळात पडावं. कारखान्यात यापेक्षा अवघड कामं केली होती. ऊन पडलं, पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या खिडकीत.

"अहो आजोबा, तुमचं ऊन माझ्या डोळ्यात येतंय."

"पडदा लावा."

त्यांनी पडदा लावला नाही, वॉचमनकडून पत्रा काढवला.

बायको रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. बोळाकडे बघायची, पानं हाताने उचलून खाली बघायची आणि म्हणायची, "अहो, याला काहीच नाही." मग कडी हलवायची. मी सांगायचो, येतील, उद्या येतील. ती मान डोलवायची आणि पुन्हा कडी हलवायची. त्या कडीचा आवाज मला दिवसभर कानात ऐकू यायचा.

आषाढातल्या एका सकाळी मी दूध आणायला गेलो आणि परत येतो तर फाटक उघडं.

पहिल्यांदा स्टेशनकडे पळालो. पळालो म्हणजे या वयात जेवढं पळता येतं तेवढं. दुधाची पिशवी हातातच. गाडी गेल्याचा आवाज आला. रुळांशी कुणी नव्हतं. बाकावर नव्हती. मागे फिरलो आणि गल्ली गल्ली बघत आलो, तर एका बंगल्याच्या कुंपणाशी ती उभी. शांतपणे फुलं तोडत होती.

मी ओरडणार होतो. पण जे दिसलं त्यानं थांबलो. कुंपणातून लाल जास्वंद बाहेर आली होती, तिच्या खांद्याशी, फुलांनी भरलेली. तिच्याकडे ही बघतही नव्हती. हात लांब करून, टाचा उंच करून पलीकडची तगर तोडत होती.

"अगं, लाल हाताशी आहेत की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विसरलोय. "लाल मोजलेली असतात, अहो. सकाळी उठून मोजतात लोक. पांढरी कोण मोजतंय?"

रस्ता आठवत नव्हता, पण कुणाचं काय घ्यावं हे आठवत होतं. आणि मी तिच्यासाठी जास्वंदीला ऊन चोरत बसलो होतो.

बंगल्यातल्या बाई बाहेर आल्या. "आजी येतात अधूनमधून. मला वाटायचं, घरी कुणी आहे की नाही."

"आहे. हा काय उभा."

"बरं झालं. दर्शन झालं."

एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी घसा साफ केला आणि म्हटलं, "बाई, या तगरीच्या दोन फांद्या मिळतील का?" कुणाकडे काही मागायची सवय नाही, आवाज निराळाच निघाला.

"घरी ऊन आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हीच लावा. हिला काही लागत नाही." त्यांनी कात्री आणली, चांगल्या चार फांद्या कापून दिल्या.

"फुलं कधी येतील?"

"उन्हाळा उजाडेल. का, घाई आहे?"

मी बायकोकडे बघितलं. ती पिशवीत डोकावून फुलं सारखी करत होती. उन्हाळ्यापर्यंत तिला तगर म्हणजे काय हे तरी आठवेल का, हे त्या बाईंना कसं विचारणार?

दुपारी जास्वंद उपटली. मुळं भिंतीखाली शिरली होती, निघता निघेना. तिथे चार फांद्या लावल्या. सकाळचं मुलाला वॉचमनकडून कळलं होतं. संध्याकाळी तो आला आणि खिशातून नवं कुलूप काढून फाटकाला लावलं.

"अण्णा, तिकडे रेल्वेची लाइन आहे."

"लाइन कुठे आहे ते मला सांगू नकोस. किल्ली इकडे दे."

त्याने दिली. ती मी करगोट्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन फाटकाशी आली. बोळात रोवलेल्या फांद्यांकडे बघून म्हणाली, "अहो, याला काहीच नाही." मग कडी हलवायला गेली, तर हाताला कुलूप लागलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. मी सदरा वर करून किल्ली सोडली, कुलूप काढलं, तिच्या हातातली पिशवी माझ्या हातात घेतली आणि तिच्याबरोबर त्या बंगल्याच्या कुंपणाशी जाऊन पिशवी उघडी धरून उभा राहिलो.