ओलाउगच्या कुबड्या

ओलाउग आमच्या नॉर्वेतल्या खाडीवर मासेमारीची जाळी दुरुस्त करायची. लहानपणी क्षयाने खुब्याचं हाड खाल्लेलं, म्हणून चालायची दोन कुबड्यांवर. जीभ मात्र धडधाकट होती.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर बाहेरगावचा धर्मप्रचारक आला. प्रार्थनाघरात त्याने तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले. ओलाउग उठली आणि कुबड्यांशिवाय सात पावलं चालली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? आमच्यात बरा झालेला माणूस आपली काठी, पट्टा, औषधाची बाटली, जे असेल ते प्रार्थनाघराच्या भिंतीला टांगतो. तिच्या कुबड्या खिळ्यावर गेल्या. खाली नाव, तारीख आणि ‘बरी झाली’.

सकाळी तिला पलंगावरून उतरता येईना. भिंती धरत, कुंपणं धरत ती प्रार्थनाघराच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या एनोककडे गेली.

"एनोकभाऊ, माझ्या कुबड्या द्या."

"तुझ्या कुठल्या आता? देवाची साक्ष आहे ती. काढल्या तर देव खोटा पडेल."

"जीव जातोय हो दुखून."

"तुझा विश्वास कमी पडतोय. नव्या केल्यास तर मंडळीत येऊ नकोस."

सगळं गावच मंडळी. जाळी देणारेही तेच. मग ती कुठे जाणार?

हिवाळ्याने तिला सांभाळलं. बर्फावर आम्ही सगळेच ढकलखुर्ची, म्हणजे लांब लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी खुर्ची, घेऊन फिरतो. मागे उभं राहून दांडा धरायचा, पायाने रेटायचं. ती दांड्यावर सगळा भार टाकायची आणि कुणाला बोलायला जागा नसायची.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. ती कोरड्या खडीवर खुर्ची खरडत यायची आणि पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. प्रार्थनाघराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून एकदा ती माझ्या दारात आली.

"एकच दे गं. घरातल्या घरात वापरीन."

"भिंत रिकामी दिसेल, ओलाउग," मी म्हटलं. एनोकला घाबरले, दुसरं काही नाही.

त्या रविवारी एनोकने तिला खुर्ची फाटकाबाहेर ठेवायला लावली. तिसऱ्या पायरीवर ती कोसळली आणि चांगला खुबाही मोडला. "विश्वास असता तर पडली नसती," एनोक म्हणाला, आणि आम्ही तिला ओलांडून गाणी म्हणायला आत गेलो.

जूनमध्ये तिला पुरलं. कुबड्या अजून तिथेच आहेत. दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ मीच पुसते.